सिस्टरांच्या जिभेवरचा मणी

रविवारी सकाळी पावणेदहा वाजता सिस्टरांनी बाथरूमची कडी आतून लावली, बेसिनच्या भोकात बूच बसवलं आणि स्वतःच्या जिभेवर शस्त्रक्रिया करायला घेतली.

शस्त्रक्रिया हा शब्द त्यांचाच. खरं तर काम एवढंच होतं, की जिभेतली लांब दांडी काढायची आणि तिथे आखूड दांडी घालायची. पण जिने चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढली, तिला पायातला काटा काढायचा असला तरी आधी ट्रे मांडावा लागतो. वॉशिंग मशीनच्या झाकणावर उकळून वाळवलेला नॅपकिन अंथरला होता. त्यावर सगळं ओळीने मांडलेलं, आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीने लिहिलेलं: दांड्या दोन, मणी दोन, गॉजच्या पट्ट्या सहा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी अख्खी इमारत त्यांना सिस्टरच म्हणायची. कोंडीत सापडला की नवराही म्हणायचा.

आता बासष्टाव्या वर्षी या बाईच्या जिभेत दांडी कुठून आली, हे आधी सांगायला हवं. थिएटरमध्ये कोपराच्या खाली काहीही घालायचं नाही, असा कडक नियम. बांगडी नाही, अंगठी नाही, घड्याळसुद्धा नाही. गळ्यातलं, कानातलं बाहेर कपाटात. नव्या मुलींच्या हातातल्या अंगठ्या सिस्टर स्वतः उतरवून घ्यायच्या. चौतीस वर्षं असं ओक्याबोक्या हातांनी वावरल्यावर मुलाचं लग्न झालं आणि त्यांनी सगळे दागिने आपणहून सुनेला देऊन टाकले. दिल्याचं वाईट वाटलं नाही. पण निवृत्तीनंतर एकदा हौसेने बांगड्या विकत आणून घातल्या, तर दिवसातून वीस वेळा हात धुताना वीस वेळा काढून ठेवाव्या लागल्या. चार दिवसांत सिस्टरांनी त्या मोलकरणीला देऊन टाकल्या.

मग तीन आठवड्यांपूर्वी, बाजारातून येताना, नाक-कान टोचण्याच्या दुकानाच्या काचेत त्यांना एका मुलीचा फोटो दिसला. जीभ बाहेर, जिभेवर मधोमध एक चकचकीत मणी. सिस्टर थांबल्या. चौतीस वर्षांची नियमावली त्यांनी मनातल्या मनात पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत तपासली. तोंडावर कायम मास्क, त्यामुळे तोंडाच्या आतल्या दागिन्याबद्दल नियमात एक अक्षर नव्हतं. अर्ध्या तासाने त्या दुकानातून बाहेर पडल्या तेव्हा मणी त्यांच्या जिभेवर होता. हा दागिना कुणाच्या लग्नासाठी केलेला नव्हता, कुणी दिलेला नव्हता आणि कुणाला दाखवायचाही नव्हता. तो त्यांचा होता आणि त्यांना तो फार आवडला होता.

टोचणाऱ्या मुलीने सूचना दिल्या. जीभ सुजेल म्हणून आधी लांब दांडी. प्रत्येक खाण्यानंतर मिठाच्या पाण्याने चूळ. सकाळी हात धुऊन मणी घट्ट आहेत ना ते बघायचं. दातांवर आपटत खेळायचं नाही, दात फुटतात. तीन आठवड्यांनी सूज उतरली की दुकानात यायचं, दांडी बदलून मिळेल. वरचा आणि खालचा मणी तेच राहतील, नुसती दांडी आखूड. "पण काकू, स्वतः बदलायला जाऊ नका हं," ती म्हणाली. सिस्टरांनी तिला हात धुताना अंगठा राहिल्याचं दाखवून दिलं, आखूड दांडी त्याच दिवशी मागून पर्समध्ये टाकली आणि मनात म्हटलं, काकू म्हणे!

घरी गेल्यावर काय सांगायचं ते त्यांनी रिक्षातच ठरवलं होतं. घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नको सांगितलंय. योजना चोख होती. पण घरी पोचेपर्यंत जीभ एवढी सुजली की "घ"सुद्धा निघेना. सुनेने विचारलं, "आई, एवढा उशीर?" मुलाने विचारलं, "कुठे गेली होतीस?" नवऱ्याने पेपरावरून डोळे वर केले. सिस्टरांनी तिघांकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि आपल्या खोलीत निघून गेल्या.

या घराने सिस्टरांची अनेक रूपं पाहिली होती, पण गप्प सिस्टर कधी पाहिल्या नव्हत्या. खोलीत जाऊन त्यांनी कागद-पेन्सिल घेतली. "घसा बसलाय" लिहायला म्हणून "घ" काढला, तेवढ्यात मुलगा आत आला. दार लोटून पलंगाच्या कडेवर बसला.

"आई, तुला कळलं ना?" तो म्हणाला. "मी सांगणारच होतो. गॅलरीत तुझी खुर्ची असते, तुझ्या कुंड्या असतात, मला माहीत आहे. व्यायामाच्या सायकलला दुसरी जागा नाही म्हणून तिथे ठेवू म्हटलं होतं. पण राहू दे. नाही आणत सायकल. तू अशी गप्प नको राहूस."

सिस्टरांना सायकलचं काहीही माहीत नव्हतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मग "घ"कडे पाहिलं. आणि पेन्सिल हळूच उशीखाली सारली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला रोज लागणारा रेडिओ लागलाच नाही. नवरा कानात इयरफोनची बोंडं घालून बातम्या ऐकत बसला होता. वर चहा देताना म्हणाला, "तू घोरतेस असं मी तुझ्या मैत्रिणीला सांगायला नको होतं." तिसऱ्या दिवशी सुनेने स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या पुन्हा जुन्या फळीवर, जुन्या क्रमाने लावल्या. सिस्टर बर्फ चघळत, गार सूप पीत हे सगळं बघत होत्या. त्यांना थोडं अपराधी वाटलं. थोडंच. सूज उतरल्यावर बोलता यायला लागलं तरी त्यांनी "हं" आणि "बघू" यांच्यापलीकडे जायचं नाही असं ठरवलं. तीन आठवडे घर असं शिस्तीत चाललं, की एखाद्या मोठ्या सर्जनलाही हेवा वाटावा.

तर तो रविवार. सिस्टरांनी हातमोजे चढवले. गॉजने जीभ पुसली, धरली, वरचा मणी डावीकडे फिरवून काढला आणि वाटीत ठेवला. दांडी खालून ओढून घेतली. आता तिचा खालचा मणी काढायचा, दोन्ही मणी आखूड दांडीला लावायचे, की झालं. खालचा मणी सुटला, बोटांच्या चिमटीत आला. आणि दारावर थाप पडली.

"अगं, झालं का? मला दाढी करायचीय! साडेदहाला क्लबात बुद्धिबळ आहे!"

एकदा ऐन ऑपरेशनमध्ये सर्जनला चक्कर आली होती, तेव्हाही सिस्टरांचा हात हलला नव्हता. तो आता हलला. बोटांत मणी नव्हता. बेसिनमध्ये नव्हता, जमिनीवर नव्हता, नॅपकिनवर नव्हता. पडल्याचा आवाजही आला नव्हता.

सिस्टर डगमगल्या नाहीत. आधी जिभेतलं भोक महत्त्वाचं. उरलेला एक मणी त्यांनी लांब दांडीच्या वरच्या टोकाला लावला आणि दांडी वरून भोकात सोडली. खालचं टोक उघडंच. बसून गप्प राहिलं तर ती आपल्या वजनाने जागेवर राहत होती, पण जीभ हलली की खालचं टोक तळाशी टेकायचं आणि अख्खी दांडी वर सरकायची. म्हणजे बोलणं बंद. मग त्यांनी हातमोजे रीतसर काढले, आतली बाजू बाहेर करून, एकात एक, आणि डब्यात टाकले. कागदावरचा हिशेब पुन्हा तपासला. दांड्या दोन. गॉज सहा. मणी एक.

काउंट जुळत नव्हता.

थिएटरमध्ये याचा अर्थ फार गंभीर असतो. शेवटचा टाका घालायच्या आधी सुया, चिमटे, गॉज सगळं मोजायचं, आणि एक जरी कमी भरला तरी कुणी जागेवरून हलायचं नाही. सर्जन कितीही मोठा असो. एका बड्या सर्जनला सिस्टरांनी चाळीस मिनिटं दारात अडवून ठेवलं होतं, त्याचं विमान चुकलं, आणि गॉज त्याच्याच बुटाखाली निघालं. तेव्हापासून तो सर्जन सिस्टरांना बघून आधी बूट उचलून दाखवायचा.

फोन खिशात होता. सिस्टरांनी टोचणाऱ्या मुलीला मेसेज केला: एक मणी हरवला. उत्तर लगेच आलं: "आज दुकान बंद, मी गावाला. उद्या अकराला या. तोपर्यंत दांडी बाहेर राहू देऊ नका, भोक तासाभरात बुजायला लागतं. आणि एकाच मण्यावर झोपू नका, दांडी पोटात जाईल. काकू, तुम्ही स्वतःच बदललीत ना?"

शेवटच्या प्रश्नाला सिस्टरांनी उत्तर दिलं नाही. पण बाकीचं स्पष्ट होतं. मणी आजच, झोपायच्या आत सापडायला हवा होता. नाही सापडला तर दांडी काढावी लागणार आणि भोक बुजणार, आणि पुन्हा टोचून तीन आठवडे बर्फ चघळायची तयारी सिस्टरांजवळही नव्हती. त्यांनी कडी काढली आणि दारात उभ्या राहिल्या.

"आलीस एकदाची," नवरा साबणाची वाटी घेऊन पुढे झाला. "सरक जरा."

सिस्टर सरकल्या नाहीत. त्यांनी हात आडवा केला आणि त्याच्या पायाकडे बोट दाखवलं.

"काय? चप्पल काढू?"

त्याने काढली. सिस्टरांनी ती उलटी करून तळवे तपासले, मग त्याला भिंतीचा आधार घ्यायला लावून त्याचे पाय एकेक करून वर करायला लावले. तेवढ्यात मुलगा आणि सून आवाज ऐकून आले. सिस्टरांनी कॅलेंडरच्या पानावर भराभर लिहिलं आणि दाराला चिकटवलं: "आत यायचं नाही. नळ सोडायचा नाही. कुणी घराबाहेर जायचं नाही. काउंट जुळलेला नाही."

ती शेवटची ओळ वाचून नवऱ्याचा चेहरा उतरला. लग्नाच्या छत्तीस वर्षांत ते विमान चुकलेल्या सर्जनचं प्रकरण त्याने पन्नास वेळा ऐकलं होतं.

"कसला काउंट, सिस्टर?" त्याने दबकत विचारलं.

सिस्टरांनी लिहिलं: "एक मणी. धातूचा. मोहरीपेक्षा मोठा, वाटाण्यापेक्षा लहान."

"कशातला मणी?"

सिस्टरांनी "काउंट जुळलेला नाही"खाली दोन रेघा ओढल्या.

तिघं स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजायला लागले. बाथरूमच्या दारातून सगळं ऐकू येत होतं.

"परत बोलत नाहीये," मुलगा म्हणाला. "काल निदान हं तरी म्हणत होती."

"तुम्ही काही केलंत का?" सुनेने विचारलं.

"मी? मी गॅलरीत पाऊलसुद्धा टाकत नाही! बाबा, तुम्हीच काही तरी बोलला असाल."

"मी बुद्धिबळाला जातो म्हणालो फक्त. तिला आवडत नसेल तर बुद्धिबळ सोडतो. त्यात काय!"

सिस्टरांना बुद्धिबळाबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. पण म्हणता येत नव्हतं आणि तूर्त म्हणायची घाईही नव्हती. मुलाला मात्र हातावर हात ठेवून बसवेना. तो लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत होता, आणि कुठलंही यंत्र अडलं की त्याचे हात शिवशिवायचे. "धातूचा आहे ना? मग सोपं आहे," म्हणत तो काठीला लावलेलं चुंबक घेऊन आला. पंधरा मिनिटं त्याने कोपरे, फटी, मशीनची मागची बाजू धुंडाळली. चुंबकाला केसांचे दोन आकडे आणि एक नेलकटर लागला. मणी टायटॅनियमचा होता आणि टायटॅनियम चुंबकाला भीक घालत नाही, हे सिस्टरांना माहीत होतं. पण तेवढं सगळं लिहायचं म्हणजे पुढचे प्रश्न आलेच. त्यांनी नुसतं बेसिनच्या खालच्या वाकड्या पाइपाकडे बोट केलं. बूच लावलेलं होतं खरं, पण काउंट जुळत नसला की अशक्य जागाही तपासायच्या असतात.

मुलाने पाना आणला, खाली बादली ठेवली आणि पाइप उघडला. काळपट पाणी चहाच्या गाळणीतून गाळलं. गाळणीत केसांचा गुंता निघाला, टूथपेस्टचं टोपण निघालं, आणि त्या गुंत्यात काही तरी चमकलं. सून पुढे झाली. तिने ते उचललं, पुसलं आणि एकदम मटकन स्टुलावर बसली.

ते सोन्याचं कानातलं होतं. मध्ये एक मोती. सिस्टरांनी लग्नात दिलेल्या जोडीतलं.

"आई," सून रडवेली होऊन म्हणाली. "दोन वर्षं झाली हे हरवून. मी तुम्हाला सांगितलंच नाही. जड होतात, कान दुखतात, असं म्हणत राहिले. आणि तुम्हाला सगळं माहीत होतं! म्हणून बोलत नव्हता ना? आणि तरी माझ्यासाठी सकाळपासून..."

तिने सिस्टरांना मिठी मारली. मुलाचेही डोळे ओले झाले. नवरा म्हणाला, "हाच तो मणी! मी म्हणत होतोच. काय बाई आहे बघा, एक शब्द न बोलता शोधून दिलं."

सिस्टरांनी मान हलवली. नाही, नाही.

"आता उगाच श्रेय नाकारू नकोस," नवरा म्हणाला. "काउंट जुळला. मी दाढी उरकतो."

सिस्टर जोरजोरात मान हलवू लागल्या, आणि त्याबरोबर दांडी जिभेत वर सरकली. धातूची चव आली. त्यांनी ती टाळूला दाबून कशीबशी थोपवली. मिठीतून सुटल्या तर मुलगा पाइप परत जोडून नळाला हात घालत होता. "गळतोय का बघतो." सिस्टरांनी त्याचं मनगट असं धरलं की तो जागेवर थिजला. कागदावर त्यांनी लिहिलं: "हा नाही. दुसरा." पेन्सिलीचं टोक मोडलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलाचा फोन वाजला, कुठली तरी लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली होती. सुनेचं चष्म्यांचं दुकान उघडायची वेळ टळून गेली होती. नवऱ्याने गालाला फासलेला साबण वाळत चालला होता.

"आई," सून हळूच म्हणाली. "आणखी काय राहिलंय? काय चुकलंय आमचं? एकदा बोला तरी. काहीही बोला."

सिस्टर नॅपकिनसमोर उभ्या राहिल्या. दोनच रस्ते होते. गप्प राहिलं तर घर असंच धाकात राहणार होतं, खुर्ची गॅलरीत, बरण्या फळीवर, पहाट निवांत. पण मग मणी सापडणार नव्हता. कारण काय शोधायचं हेच ज्यांना माहीत नाही, ते शोधणार काय? आणि तोंड उघडलं तर तीन आठवड्यांचं राज्य संपलं. सिस्टरांनी हा विचार जेमतेम दहा सेकंद केला. राज्य गेलं तर गेलं. दागिना जाता कामा नये. तो आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी केला होता.

त्या तिघांकडे वळल्या आणि त्यांनी जीभ बाहेर काढली.

नवऱ्याने चष्मा लावला. मुलाने फोन कट केला. सकाळच्या उजेडात जिभेच्या मधोमध मणी लखलखत होता.

पहिली भानावर आली ती सून. ती रोज आठ तास चष्म्यांच्या काड्यांना स्क्रू बसवायची. स्क्रू निखळलेली फ्रेम बघावी तशी ती जवळ येऊन बघू लागली.

"खालचा मणी नाहीये," ती म्हणाली. "तोच हरवलाय. बोलू नका, नुसती मान हलवा. हळू. हातात होता तेव्हा हरवला?"

हो.

"पडल्याचा आवाज आला?"

नाही.

"मग तो पडलेलाच नाही. आमच्याकडे स्क्रू हरवला आणि आवाज आला नाही, तर तो अंगावरच कुठे तरी असतो. बाहीत, खिशात, नाही तर..." तिने इकडेतिकडे पाहिलं. "हातात काय घातलं होतं तुम्ही?"

सिस्टरांचे डोळे मोठे झाले. त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं. सुनेने हातमोज्यांचं गाठोडं उचललं, एकातला एक सोडवला, आतली बाहेर केलेली बाजू पुन्हा आत केली. मनगटाच्या दुमडलेल्या ओल्या कडेतून मणी निसटला आणि नॅपकिनवर पडला.

थिएटरमध्ये गॉज मोजतात, सुया मोजतात, चिमटे मोजतात. हातमोजे मोजायची पद्धत नाही. एखाद्या बेशिस्त माणसाने हातमोजे कसेही ओरबाडून काढले असते तर मणी तेव्हाच खाली पडला असता. सिस्टरांनी ते नियमाप्रमाणे काढले होते.

"मी बसवू?" सुनेने विचारलं. "रोजचंच काम आहे माझं."

सिस्टरांनी तिला आधी बेसिनकडे नेलं. पाइप जोडलाय याची खात्री केली आणि दोन मिनिटं हात धुवायला लावले, बोटांच्या मधून, अंगठ्यासकट. मग मणी पुन्हा उकळला. सुनेने लांब दांडी काढली, वरचा मणी आखूड दांडीला लावला, दांडी भोकात सोडली, कोरड्या गॉजने जीभ धरली, खालचा मणी टेकवला आणि उजवीकडे चार वेढे दिले. सगळं मिळून अर्धं मिनिट. मणी जिभेला लागून नीट बसला.

सिस्टरांनी जीभ आत घेतली. दांडी दाताला लागत नव्हती. टाळूला लागत नव्हती. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलल्या.

"मी कुणावरही रागावले नव्हते. जीभ सुजली होती."

हे सांगायची काही गरज नव्हती. पण काउंट जुळला की सिस्टरांना सगळं खरं खरं नोंदवायची सवय होती.

मुलगा लिफ्ट सोडवून आला, सुनेने दुकान दुपारनंतर उघडायचं ठरवलं, नवऱ्याने राहिलेली दाढी केली, आणि दीड वाजता सगळे जेवायला बसले. कुणीच बोलेना. मुलगा ताटात बघत घास चावत होता. सून खिडकीकडे बघत होती. नवऱ्याने तर डोळेच मिटले होते. सिस्टर वाट बघत राहिल्या. पाच मिनिटं गेली. आपण गप्प बसलो की समोरच्याला कसं वाटतं, याचा सिस्टरांना तोपर्यंत काही अनुभव नव्हता.

"बरं," त्या म्हणाल्या. "गॅलरीत ठेव तुझी सायकल. खुर्ची आत घेते मी."

मुलगा काही बोलला नाही.

"आणि बरण्या तुला हव्या तिथे लाव गं. मला काय, हात पोचतो माझा."

सून काही बोलली नाही.

"रेडिओ लावा सकाळी. मोठ्याने लावा. आणि बुद्धिबळ कुणी सोडायला सांगितलंय तुम्हाला?"

नवऱ्याने डोळेही उघडले नाहीत. सिस्टरांच्या कपाळावर घाम आला. चौतीस वर्षांत कुठल्याही सर्जनला जे जमलं नव्हतं ते घडत होतं.

"आणि तुमचा तो चॉकलेटी स्वेटर हरवला नव्हता," त्या म्हणाल्या. "मी देऊन टाकला. वॉचमनला. बस?"

नवऱ्याने डोळे उघडले. "काय?"

"मग बोला ना काही तरी! किती वेळ रागावून बसणार आहात तिघं?"

"कोण रागावलंय?" नवरा चकित होऊन म्हणाला. "मी आपला जीभ टाळूला लावून बघत होतो. मधोमध असं काही असलं तर घास नेमका कुठून जात असेल ते."

"मी पण तेच बघत होतो," मुलगा म्हणाला. "डावीकडून जात असेल असं वाटतं."

"मी पण," सून लाजून म्हणाली. "शेंड्यापासून किती आत टोचतात, ते."

"म्हणजे कुणीच रागावलं नव्हतं?"

"रागवायचं काय त्यात? झकास दिसतोय," मुलगा म्हणाला. "आणि सायकल मी उद्याच घेऊन येतो, आई. थँक्यू."

"मी संध्याकाळीच बरण्या हलवते," सून म्हणाली.

"तो स्वेटर माझ्या आत्याने विणला होता," नवरा म्हणाला.

सिस्टरांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग ओठ घट्ट मिटले, ताट बाजूला सारलं आणि एक शब्द न बोलता आपल्या खोलीत निघून गेल्या. या वेळी त्या खरोखर रागावल्या होत्या, आणि चांगल्याच.

पाच मिनिटांनी सून दार ढकलून आत आली. तिच्या हातात बर्फाची वाटी होती.

"दुखतेय ना जीभ?" ती मायेने म्हणाली. "मी सगळ्यांना सांगितलंय, आईंना आज अजिबात बोलायला लावू नका."